घरातील उंदीर व त्यांचे नियंत्रण

घरातील उंदीर व त्यांचे नियंत्रण : माणसाच्या वस्तीत राहून त्याच्या अन्नावर व आडोशावर जगणाऱ्या उंदरांना घराबाहेर ठेवणे, आत शिरलेल्यांचा नाश करणे आणि ते पुन्हा येऊ नयेत अशी घराची व धान्यसाठ्याची व्यवस्था करणे, या सर्व उपायांचा उंदीर नियंत्रणात समावेश होतो. उंदीर हे स्तनी वर्गातील कृंतक (कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या) गणातील प्राणी होत. त्यांच्या वरच्या व खालच्या जबड्यांत पटाशीच्या दातांची एकेक जोडी असते. हे दात जन्मभर वाढत राहतात. दंतवल्काचा कठीण थर त्यांच्या फक्त पुढच्या बाजूस असल्यामुळे मागची बाजू लवकर झिजते आणि दातांची धार छिन्नीसारखी कायम राहते. म्हणूनच उंदीर धान्याबरोबर लाकूड, चामडे, कापड, कागद, साबण, प्लॅस्टिक व विजेच्या तारांवरील आवरणही कुरतडतात. घरातील उंदरांची संख्या मुख्यत्वे तेथे मिळणारे अन्न, आडोसा व येण्याजाण्याच्या वाटा यांवरून ठरते. या तीन गोष्टी तशाच ठेवून केवळ विष घातल्यास संख्या काही आठवडे घटते व पुन्हा पूर्ववत होते.

ओळख : महाराष्ट्रातील घरांत मुख्यत्वे दोन जातींचे उंदीर आढळतात. पहिला लहान घरउंदीर (मस मस्क्युलस). त्याच्या शरीराची लांबी ७ ते १० सेंमी. असून शेपूट जवळजवळ तितकेच लांब असते. वजन १२ ते ३० ग्रॅ. भरते. त्याच्या लेंड्या ३ ते ६ मिमी. लांब व टोकदार असतात. दुसरा मोठा काळा उंदीर (रॅटस रॅटस). त्याचे वजन सामान्यतः १५० ते २५० ग्रॅ. असून शेपूट शरीरापेक्षा लांब असते. तो उत्तम चढणारा असल्यामुळे आढे, तुळया, माळा व कवेलू यांच्या आश्रयाने राहतो. यांखेरीज अंगणात, उकिरड्यात व गटाराच्या कडेने खोल बिळे करणारी घूस पायाखालची माती पोखरते. चिचुंदरी ही लांब मुस्कटाची, उग्र वासाची व तुरुतुरु चालणारी प्राणिजाती उंदरासारखी दिसली, तरी ती कृंतक नव्हे. ती झुरळे व इतर कीटक खाते, धान्य कुरतडत नाही. त्यामुळे उपाय योजण्यापूर्वी लेंड्या, कुरतडल्याच्या खुणा व प्रत्यक्ष प्राणी पाहून जात निश्चित करणे आवश्यक असते. कारण या जातींच्या सवयी भिन्न असून एकीला लागू पडणारा उपाय दुसरीला लागू पडतोच असे नाही.

सवयी व प्रजनन : घरउंदराचा माणसाशी असलेला सहवास शेतीहूनही जुना आहे. भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडील प्रदेशात सुमारे १५,००० वर्षांपूर्वी माणूस एका जागी दीर्घकाळ राहू लागला, त्याच सुमारास हा उंदीर त्याच्या वस्तीत शिरल्याचे उत्खननात सापडलेल्या अवशेषांवरून दिसून आले आहे. घरउंदीर रात्रिंचर असून बहुधा घरट्यापासून ३ ते १० मी. अंतरातच वावरतो. तो भिंतीच्या कडेने, मिशांचा व अंगाचा स्पर्श राखीत धावतो. त्यामुळे ठराविक वाटेवर मळकट व तेलकट पट्टा उमटतो. एका रात्रीत तो अनेक ठिकाणी थोडे थोडे खातो. त्याला पाणी फार कमी लागते, कोरड्या धान्यावरही तो दीर्घकाळ जगू शकतो. घरात नवी वस्तू ठेवल्यास तो ती कुतूहलाने हुंगतो. याउलट काळा उंदीर नवीन वस्तूस बिचकतो व काही दिवस तिच्यापासून दूर राहतो. सापळे व आमिषे वापरताना हा फरक महत्त्वाचा ठरतो.

घरउंदराचा गर्भावधी १९ ते २१ दिवसांचा असतो. मादीला एका वेळी बहुधा ५ ते ८ पिले होतात आणि ती सुमारे ६ ते ८ आठवड्यांत प्रजननक्षम होतात. अन्न व आडोसा भरपूर असल्यास वर्षातून ५ ते १० वेळा विणी होते. एखाद्या घरातील ३० उंदरांपैकी २० मारले, तरी उरलेल्या १० उंदरांना पूर्वीचेच अन्न व जास्त जागा मिळते. परिणामी थोड्याच महिन्यांत संख्या पूर्ववत होते.

नुकसान व रोग : एक घरउंदीर दिवसाला सुमारे ३ ग्रॅ. अन्न खातो, म्हणजे वर्षाला सु. १ कि.ग्रॅ. धान्य. असे २० उंदीर वर्षभर राहिल्यास २० कि.ग्रॅ.हून अधिक धान्य फस्त होते. परंतु खाल्लेल्या धान्यापेक्षा नासलेले धान्य अधिक असते. एक उंदीर दिवसाला ५० किंवा त्याहून अधिक लेंड्या टाकतो, जागोजाग मूत्राचे थेंब सोडतो व केस गाळतो. पोते एका जागी फाटले, तरी सांडलेले सर्व धान्य पुन्हा निवडावे लागते. विजेच्या तारांचे आवरण कुरतडल्याने आग लागण्याचा संभव असतो. उंदरांच्या मागावर नाग, घोणस, मण्यार यांसारखे विषारी सापही घरात येतात. जमिनीवर अंथरूण टाकून झोपणाऱ्या शेतकरी कुटुंबात उंदरांचा बंदोबस्त हा सर्पदंश टाळण्याचाही एक उपाय होय.

उंदरांमुळे पसरणाऱ्या रोगांत प्लेग हा इतिहासात सर्वांत भीषण ठरला. १८९६ मध्ये मुंबईत त्याची साथ उद्भवली. तेथून ती पुण्यास व देशाच्या इतर भागांत पसरली. घरे धुणे, कौले काढून ऊन आत सोडणे, सामान जाळणे व रोग्यांना बळाने हलविणे असे कठोर उपाय योजले गेले. पण रोग एका घरातून दुसऱ्या घरात कसा जातो, हे प्रारंभी ठाऊक नव्हते. फ्रेंच वैद्य पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराची येथे, मेलेल्या उंदराच्या अंगावरील पिसू हा रोग वाहून नेतात हे प्रयोगाने दाखविले. पुढे मुंबईत ग्लेन लिस्टन व प्लेग आयोगाचे संशोधक यांच्या कामामुळे या मतास पुष्टी मिळाली. ‘उंदीर पडू लागले’ की गाव सोडून शेतात झोपड्या घालून राहावयाचे, ही जुन्या पिढीची रीत या दृष्टीने योग्यच होती. उंदीर मेल्यावर त्याच्या अंगावरील पिसू नवा आश्रय शोधीत माणसाकडे वळतात. म्हणूनच प्लेगच्या प्रदेशात आधी पिसूंचा व नंतर उंदरांचा नाश करावा, असा नियम आहे. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला या गावी प्लेगचे रुग्ण आढळले. सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर भीतीने लोक घराबाहेर राहू लागले आणि बंद घरांत मागे राहिलेल्या धान्यावर उंदीर माजले, असे त्या साथीचे एक स्पष्टीकरण देण्यात आले. धान्य आत आणि माणूस बाहेर, अशा घरात उंदरांना कोणताही अडसर उरत नाही.

आज महाराष्ट्रात उंदरांमुळे होणारा अधिक नित्याचा रोग म्हणजे लेप्टोस्पायरोसिस होय. रोगजंतू उंदरांच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात व चिखलात जातात आणि पायावरील भेगांतून किंवा जखमांतून माणसाच्या शरीरात शिरतात. मुंबईत जुलै २००५ च्या अतिवृष्टीनंतर या रोगाची मोठी साथ आली होती. दूषित अन्नातून होणारी आमांशासारखी दुखणी व पिसूंमार्फत येणारा एक प्रकारचा टायफस ज्वर यांचाही उंदरांशी संबंध आहे.

वऱ्हाडातील घर व साठवण : अकोला शहराच्या दक्षिणेस, अकोला–पूर्णा लोहमार्गावर असलेले बार्शीटाकळी हे तालुक्याचे ठिकाण व त्याच्या भोवतालची गावे हे या प्रश्नाचे बोलके उदाहरण आहे. कापूस, सोयाबीन, तूर व हरभरा ही येथील प्रमुख पिके होत. कापसाची वेचणी दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन हिवाळाभर चालते. भाव वाढेल या आशेने अनेक शेतकरी कापूस लगेच न विकता घरातील एखाद्या खोलीत भरून ठेवतात. सुक्या, उबदार व मऊ कापसाचा असा ढीग म्हणजे उंदराचे तयार घरटेच. त्यातील सरकी हे त्याचे अन्न. उंदरांच्या मूत्राने व लेंड्यांनी डागाळलेल्या कापसाची प्रत उतरते. शेतात सुगी संपली, की तेथील अन्न घटते व उंदीर वस्तीकडे वळतात. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरल्यावर पुन्हा असेच होते. वर्षातील हे दोन काळ उंदरांच्या शिरकावाचे मानून उपाय त्यापूर्वी योजावे लागतात.

पूर्वी वऱ्हाडात ज्वारी हे मुख्य धान्य होते. ती पेवात साठविली जाई. गावाच्या पांढरीत उंच, कोरड्या जागी खोदलेला हा खड्डा आतून कडबा किंवा भुसा लावून भरीत व तोंड मातीने बंद करीत. बंद पेवातील हवेतील ऑक्सिजन कमी होऊन कार्बन डाय-ऑक्साइड साचत असल्याने कीटक वाढत नसत, आणि तोंड घट्ट लिंपलेले असल्यामुळे उंदरांचाही उपद्रव कमी होई. याच कारणाने पेव उघडल्यावर तत्काळ आत उतरणे प्राणघातक ठरते. म्हणून आधी दिवा सोडून पाहण्याची रीत होती. घरखर्चाचे धान्य शेणमातीने लिंपलेल्या कणगीत किंवा भिंतीत बांधलेल्या बळदात राही. कणगीचा बांबू उंदीर सहज कुरतडतो. तथापि ती वर्षाला लिंपली जाई व त्या वेळी पडलेले भोक ध्यानात येई. गेल्या काही दशकांत ज्वारीचे क्षेत्र घटून सोयाबीन वाढले, पेवे बुजली आणि शेतमाल पोत्यांतून थेट राहत्या खोल्यांत आला. तागाचे किंवा प्लॅस्टिकचे पोते उंदरास जवळजवळ अडवीतच नाही. पक्के घर बांधल्याने प्रश्न आपोआप सुटत नाही, असे यावरून दिसते. सिमेंटच्या घरातही मोरीचा उघडा नळ, दाराखालची फट व भिंतीला टेकून रचलेली पोती हे सर्व असतेच.

प्रतिबंध : नियंत्रणाचा पाया म्हणजे वाटा बंद करणे. घरउंदीर ६ मिमी. फटीतून, म्हणजे शिसपेन्सिलीच्या जाडीएवढ्या जागेतून आत येऊ शकतो. काळ्या उंदरास सुमारे १२ मिमी. फट पुरते. दिवसा खोली अंधारी करून बाहेरचा उजेड कोठून येतो ते पाहावे, म्हणजे बहुतेक फटी सापडतात. दाराच्या खालच्या कडेस पत्र्याची पट्टी ठोकावी. मोरीच्या तोंडास व खिडक्यांना ६ मिमी.पेक्षा बारीक छिद्रांची लोखंडी जाळी बसवावी. भिंतीतून आलेल्या नळांच्या व तारांच्या भोवतालच्या भोकांत भांडी घासण्याची तारेची घासणी ठासून त्यावर सिमेंट भरावे. नुसती माती, कापड, लाकूड किंवा फेस भरल्यास उंदीर ते पुन्हा कुरतडतात. मातीच्या भिंतीतील बिळांत काचेचे तुकडे व सिमेंटमिश्रित चुरा ठासणे उपयुक्त असते. धाब्याच्या घरात तुळयांची टोके जेथे भिंतीत शिरतात तेथील पोकळ्या, व कवेलूच्या घरात पाखाडीची पाटाकडेची उघडी तोंडे बंद करावीत. घराला लागलेल्या झाडाच्या फांद्या छपरापासून तोडून टाकाव्यात.

दुसरी पायरी साठवणीची. धान्य घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत ठेवणे सर्वांत उत्तम. १९६५ नंतर केंद्र शासनाने चालविलेल्या धान्य बचत मोहिमेत अशा कोठ्यांचा बराच प्रसार करण्यात आला. पोती ठेवणे भागच असल्यास ती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून सुमारे ५० सेंमी. अंतर सोडून रचावीत. त्यामुळे भिंतीलगत माणसाला फिरता येते, झाडता येते व लेंड्या दिसतात. कापसाची खोली राहत्या खोल्यांपासून अलग असावी आणि तिच्या दाराला पत्रा ठोकावा. पऱ्हाट्या, तुऱ्हाट्या, कडबा व कुटार यांचे ढीग घराच्या भिंतीपासून दूर रचावेत. जळणासाठी दारातच लावलेला पऱ्हाट्यांचा ढीग हे उंदीर व साप या दोघांचेही आश्रयस्थान असते. रात्री उष्टे अन्न, पाळीव जनावरांची ढेप, कोंबड्यांचे दाणे व ओला कचरा उघडा ठेवू नये.

सापळे : राहत्या घरात लहान मुले, गुरे व अन्न एकत्र असल्यामुळे सापळा हे विषापेक्षा पुष्कळ सुरक्षित साधन होय. चापाचा सापळा भिंतीशी काटकोनात, चापाचे टोक भिंतीकडे राहील असा ठेवावा. घरउंदराचा वावर लहान क्षेत्रात असल्यामुळे एकदोन सापळे महिनाभर ठेवण्यापेक्षा आठदहा सापळे २ मी. अंतराने तीनचार रात्री एकाच वेळी मांडणे अधिक परिणामकारक असते. आमिष म्हणून शेंगदाण्याचा कूट, तेल लावलेला भाकरीचा तुकडा, भजे किंवा घरट्यासाठी ओढून नेता येईल असा कापसाचा बोळा वापरतात. आमिष थोडे व चापाला घट्ट बांधलेले असावे. काळ्या उंदरासाठी सापळे दोनतीन दिवस न चढविता, आमिषासह नुसते ठेवावेत आणि तो खाऊ लागल्यावर चढवावेत. पिंजऱ्यात जिवंत सापडलेला उंदीर शेजारच्या आवारात सोडल्यास तो परत येतो किंवा दुसऱ्या घरात शिरतो. चिकट फळीवर प्राणी तासन् तास तडफडून मरतो व चिमण्या, पाली, साप यांसारखे अन्य जीवही तीत अडकतात. म्हणून तिचा वापर करू नये. ध्वनी निर्माण करून उंदीर पळविणाऱ्या विद्युत् उपकरणांचा दीर्घकालीन उपयोग सिद्ध झालेला नाही. डांबराच्या गोळ्या किंवा उग्र वासाची तेले यांना उंदीर लवकरच सरावतात.

विषे : उंदीरनाशकांचे दोन मुख्य वर्ग आहेत. तीव्र विषे एकाच मात्रेत काही तासांत मारतात. जस्त फॉस्फाइड हे त्यांतील प्रमुख होय. पोटातील अम्लाशी संयोग होऊन त्यापासून फॉस्फीन हा विषारी वायू बनतो. शेतात वापरताना ९६ भाग भरडलेले धान्य, २ भाग तेल व २ भाग विष असे मिश्रण करतात. कमी मात्रा खाऊन वाचलेला उंदीर त्या आमिषास पुन्हा तोंड लावीत नाही. यावर उतारा नाही, म्हणून घरात त्याचा वापर टाळावा. दुसरा वर्ग रक्त गोठण्यास प्रतिबंध करणाऱ्या विषांचा. अमेरिकेत सडलेले क्लोव्हर गवत खाऊन गुरांना होणाऱ्या रक्तस्रावाचा शोध घेताना विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल पॉल लिंक व त्यांचे सहकारी यांना अशा संयुगांचा सुगावा लागला आणि त्यातून निघालेले वॉरफरिन १९४८ पासून उंदीरनाशक म्हणून वापरात आले. आज ०·००५ टक्के ब्रोमॅडिओलोन असलेल्या वड्या अधिक वापरतात. उंदीर काही दिवसांनी मरत असल्यामुळे आमिषाविषयी संशय उत्पन्न होत नाही. या वर्गातील विषावर के१ जीवनसत्त्व हा उतारा आहे, परंतु तो वैद्याच्या देखरेखीखालीच द्यावा लागतो.

पिवळ्या स्फुरदाची पेस्ट भाकरीवर लावून घरात ठेवण्याची चाल अतिशय धोक्याची आहे. माणसाच्या पोटात गेल्यास ती यकृत निकामी करते. पहिल्या दिवशीच्या उलट्या थांबल्यावर रोगी बरा झाल्यासारखा वाटतो, आणि नंतर काही दिवसांत कावीळ होऊन मृत्यू येऊ शकतो. तिला खात्रीचा उतारा नाही. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांपासून हवेतील ओलाव्याने फॉस्फीन वायू सुटतो. त्या गोदामांतील धुरीकरणासाठी असून भारतात त्यांच्या विक्रीवर व वापरावर निर्बंध आहेत. ज्या खोलीत वा तिच्या लगतच्या खोलीत माणसे झोपतात तेथील पोत्यांत त्या कदापि ठेवू नयेत. कोणतेही विष वापरावयाचे झाल्यास कीटकनाशक अधिनियम, १९६८ खाली नोंदणी झालेले घ्यावे, ते मूळ वेष्टनात व कुलुपात ठेवावे, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा बंद आमिषपेटीत मांडावे, आणि उरलेली आमिषे मोजून परत काढावीत. विष पोटात गेल्याचा नुसता संशय आला, तरी लक्षणांची वाट न पाहता, घरगुती उपायांनी उलटी न करविता, वेष्टनासह रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे. शेतकरी कुटुंबांतील विषबाधेच्या घटनांत अपघाताइतकेच निराशेच्या क्षणी हाताशी असलेले विषही कारणीभूत होते. घरात विष नसणे हीच यावरची पहिली खबरदारी होय.

स्वच्छता व नैसर्गिक शत्रू : लेंड्या व घरटी कोरडी झाडू नयेत, कारण धुळीबरोबर रोगजंतू हवेत मिसळतात. खोली अर्धा तास उघडी ठेवून विरंजक द्रावाचा एक भाग व पाण्याचे नऊ भाग असे मिश्रण त्यांवर शिंपडावे, दहा मिनिटे थांबून हातमोजे घालून ओल्या फडक्याने गोळा करावे. मेलेले उंदीर हाताने न उचलता खोल पुरावेत. गव्हाणी घुबड, धामण व मांजर हे उंदरांचे नैसर्गिक शत्रू असून ते संख्येस आळा घालतात. अन्न मुबलक असलेल्या घरातून मात्र केवळ त्यांच्यामुळे उंदीर नाहीसे होत नाहीत. विष खाल्लेला उंदीर खाऊन हे शत्रूच मरतात, आणि पुढील वर्षी उपद्रव वाढतो.

सामूहिक नियंत्रण : एकमेकांना भिंती लागून असलेल्या घरांत एकाच घराने केलेला उपाय अपुरा पडतो. आळीतील सर्व घरांनी सुगीपूर्वी आणि पावसाळ्यापूर्वी, एकाच आठवड्यात फटी बुजविल्या, कोठीघरे झाडली व सापळे मांडले, तर श्रम थोडे लागतात व परिणाम दीर्घकाळ टिकतो. त्यानंतर महिन्यातून एकदा भिंतीलगत पिठाची पातळ रांग टाकून सकाळी पावलांच्या खुणा पाहाव्यात. खुणा न उमटणे हीच यशाची कसोटी मानतात. किती उंदीर मारले या संख्येवरून यश मोजता येत नाही. कारण धान्य उघडे असलेल्या घरात मारण्यास उंदीर नेहमीच मिळतात.